पुण्यातली दोन मृत्युपत्रे

मृत्युपत्राचा विषय घरात काढून पाहा. कोणीतरी वडीलधारे माणूस लगेच म्हणेल, “शुभ बोल रे नाऱ्या!” जमीनजुमल्याबद्दल, विहिरीच्या पाळीबद्दल, बांधाबद्दल आपण तासन् तास बोलतो. पण ‘तुमच्या मागे हे सारे कोणाचे?’ एवढा प्रश्न विचारला की बोलणे थांबते. जणू कागद लिहिला की यम दाराशी आलाच!

याला थोडेसे कारण त्या शब्दातही आहे. आपण म्हणतो ‘मृत्युपत्र’, म्हणजे शब्दात आधी मृत्यू आणि मग पत्र. इंग्रजीत त्याच कागदाला ‘विल’ म्हणतात आणि विल म्हणजे नुसती इच्छा. कागद तोच, पण एकाने त्यात मरण पाहिले, दुसऱ्याने माणसाची इच्छा पाहिली. आता हा कागद आपल्याकडे आला कोठून, तो कोणाच्या उपयोगी पडला आणि कोणाला कसा महाग पडला, याची थोडी हकीकत तुम्हांला सांगायची आहे. तीत कलकत्ता येईल, सातारा येईल. पण मुख्य गोष्ट आहे ती पुण्यात दहा वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मृत्युपत्रांची.

पहिला प्रश्न असा की, आपल्या जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र होते का? उत्तर सरळ आहे: आज आपण ज्याला मृत्युपत्र म्हणतो, ते नव्हते. आणि ते का नव्हते, हे समजून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात वारसाहक्काच्या बाबतीत सर्वांत मोठा मान विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या ग्रंथाला. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळी, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी, याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली गेली. तिचा मुख्य सिद्धान्त असा की, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बाप मेल्यावर नव्हे. मूल जन्मले त्या क्षणी! आता विचार करा. ज्या शेतावर मुलाचा हक्क आधीच आहे, ते शेत ‘मी अमुक माणसाला देतो’ असे बापाने लिहायचे तरी कसे? शेत त्याच्या एकट्याचे नाहीच. तो कुटुंबाचा कर्ता, व्यवस्था पाहणारा. त्याचे डोळे मिटले तरी कुटुंब उरते, शेत उरते आणि कारभार पुढचा माणूस हाती घेतो. अशा घराला मृत्युपत्राची गरजच नव्हती.

दुसरा मोठा ग्रंथ नीळकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’. सतराव्या शतकातले हे पंडित काशीला राहणारे. पण त्यांचे घराणे मूळचे आपल्या पैठणचे. गुजरातेत, मुंबई बेटावर आणि उत्तर कोकणात या ग्रंथाला विशेष मान होता. स्त्रियांच्या वारसाहक्काच्या बाबतीत, विशेषतः बहिणीच्या हक्काबाबत, या मयूखाची दृष्टी थोडी उदार होती. पण मृत्युपत्र त्यातही नाही.

मग मूलबाळ नसलेल्या माणसाने काय करायचे? त्याने दत्तक घ्यायचा. आणि ज्याला कोणाला काही द्यायचे असेल त्याला जिवंतपणी दान करायचे. शेवटची इच्छा तोंडी सांगायची आणि पुढच्यांनी ती पाळायची. ही रीत पुष्कळदा चालली. पण जेथे मालमत्ता मोठी, तेथे ती अडखळली. साताऱ्याचे शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निधन पावले. त्यांना पुत्र नव्हता. मरणापूर्वी त्यांनी नानासाहेब पेशव्यांना स्वतःच्या हाताने दोन याद्या लिहून दिल्या आणि राज्याचा कारभार त्यांच्याकडे सोपवला. गादीवर रामराजा आला, तो ताराबाईंचा नातू म्हणून. परंतु वर्ष उलटते न उलटते तोच, १७५० मध्ये, खुद्द ताराबाईंनीच त्याला साताऱ्यास कैदेत टाकले आणि हा आपला नातू नव्हेच, असे जाहीर केले! छत्रपतींच्या हातच्या कागदालाही मागे राहिलेल्या माणसांची भांडणे मिटवता आली नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होईल.

मृत्युपत्राची खरी सुरुवात झाली ती कलकत्त्यासारख्या शहरांत. बंगालमध्ये मिताक्षरेऐवजी जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ चाले. त्याप्रमाणे बाप जिवंत असेपर्यंत मुलांना हक्क नाही. बापच पुरा मालक. त्यातच कंपनी सरकारच्या अमलात व्यापारउदिमावर एकेकट्या माणसाने लाखो रुपये मिळवावे, घरे बांधावी, असे दिवस आले. हा पैसा वाडवडिलांचा नव्हता. ज्याचा त्याने कमावलेला होता. शेजारी साहेब लोक विल करीत, ते पाहून हिंदू सावकारही करू लागले. आधी न्यायाधीशांनाही प्रश्न पडला, की हिंदूंच्या शास्त्रात जे नाही ते मानायचे कसे? हळूहळू त्यांनी एक तोड काढली: जे माणूस जिवंतपणी दान करू शकतो, तेच तो मरणोत्तरही देऊ शकतो. दानाच्या खांद्यावर बसून मृत्युपत्र आपल्या कायद्यात शिरले ते असे.

आणि शिरल्याबरोबर त्याने आपली दुसरी बाजूही दाखवली. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर हे मोठे कायदेपंडित आणि गडगंज जमीनदार. त्यांचा एकुलता एक मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला. बापाने मृत्युपत्र करून त्याला वगळले आणि आपली मालमत्ता पुढे पिढ्यान् पिढ्या कोणाकडून कोणाकडे जावी याची लांबलचक साखळी आखून ठेवली. १८६८ मध्ये ते वारले. मुलगा कोर्टात गेला. दावा विलायतेला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला आणि १८७२ मध्ये निकाल लागला. त्यात दोन गोष्टी ठरल्या. स्वतःच्या मालमत्तेतून मुलाला वगळण्याचा बापाला अधिकार आहे, ही एक. पण जो अजून जन्मलाच नाही अशाला देणगी देता येत नाही आणि शास्त्राला ठाऊक नसलेली वारसाची नवी परंपरा कोणालाही स्वतःच्या मर्जीने निर्माण करता येत नाही, ही दुसरी. मालमत्ता पुतण्याच्या, जतींद्रमोहनांच्या, हयातीपुरती त्यांच्याकडे राहिली आणि त्यापुढचा हक्क वगळलेल्या मुलाचाच ठरला. बाप एवढा कायदेपंडित. पण त्याचाच कागद कायद्याच्या कसोटीवर अर्धा उतरला, अर्धा पडला.

याच सुमारास सरकारने १८७० मध्ये हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी कायदा केला. मृत्युपत्र लेखी हवे, त्यावर सही हवी, दोन साक्षीदार हवेत, असे त्यात सांगितले होते. पण तो लागू होता बंगालकडच्या मुलखाला आणि मद्रास व मुंबई या शहरांना. पुणे, नाशिक, सातारा, रत्नागिरी या बाजूंना तो कायदा नव्हता. इकडे तोंडी मृत्युपत्रही चालू शके. आता आपण पुण्याला येऊ.

पहिले मृत्युपत्र महात्मा जोतीराव फुले यांचे. साल १८८७, महिना जुलै. जोतीरावांचे वय तेव्हा साठ वर्षांचे. अंथरुणाला खिळलेले नव्हते. हिंडत फिरत होते, लिहीत होते, सत्यशोधक समाजाचे काम पाहत होते. मग त्यांनी हा कागद का केला?

त्यांच्या घरची परिस्थिती तुम्हांला ठाऊक आहेच. जोतीराव आणि सावित्रीबाई यांना मूल नव्हते. फसलेल्या विधवांसाठी त्यांनी आपल्या घरी प्रसूतिगृह चालवले होते. तेथे काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. तो या दोघांनी आपला म्हणून वाढवला, तोच यशवंत. आता त्या काळच्या शास्त्राच्या डोळ्यांनी या मुलाकडे पाहा. दुसऱ्या जातीतला, विधवेच्या पोटचा, ज्याचा बाप समोर येत नाही असा. असे दत्तक शास्त्राच्या कसोटीवर टिकते की नाही, असा वाद कोणीही भाऊबंद काढू शकला असता. जोतीरावांना हे पक्के ठाऊक होते. ज्या घराला रीत सांभाळून घेणार नाही, त्या घराला कागदच सांभाळील, हे त्यांनी ओळखले.

त्या मृत्युपत्रात त्यांनी यशवंताला आपला वारस म्हणून नेमले. आपले अंत्यविधी त्याने करावेत, त्यात भटभिक्षुकांचा हात लागू नये, आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशा आपल्या तत्त्वांना धरून सूचना दिल्या. आणि एक गोष्ट अशी लिहिली की ती वाचताना आजही माणूस थबकतो. यशवंत पुढे नालायक निघाला, तर ही मालमत्ता माळी, कुणबी, धनगर अशा समाजांतल्या एखाद्या हुशार, लायक मुलाला द्यावी, अशी तजवीज त्यांनी केली. मुलावर माया आहे. पण ती आंधळी नाही. घरची इस्टेट ही नुसती घराची नाही, समाजाचेही तिच्यावर काही देणे आहे, हा विचार त्यात आहे.

पुढच्याच वर्षी, १८८८ च्या जुलैत, जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. लिहिणारा हातच गेला! ते जिद्दीचे, डाव्या हाताने लिहायला शिकले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. पण तुम्ही एवढेच बघा की, मृत्युपत्राचे काम त्या आधी वर्षभर उरकलेले होते. ते राहून गेले असते, तर उद्या कोणीही म्हटले असते, “आजारी माणसाकडून लिहवून घेतले हो!” ही वाटच त्यांनी ठेवली नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. पुरण्याची त्यांची इच्छा नगरपालिकेने परवानगी न दिल्यामुळे पुरी झाली नाही. दहनच करावे लागले. मृत्युपत्र सरकारी नियमांपुढे चालत नाही, हेही यातून कळते. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरायचे, यावर भाऊबंदांनी वाद काढला, असे चरित्रकार सांगतात. टिटवे धरणारा तो वारस, अशी रूढी. म्हणून मारामारी त्या मडक्यासाठी! तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि त्यांनी टिटवे हाती घेतले. बायकोने अंत्ययात्रेच्या पुढे चालायचे, ही त्या काळी केवढी गोष्ट! पण लक्षात घ्या, रस्त्यातला वाद मडक्यापुरता राहिला. यशवंताला आपला म्हणणारा जोतीरावांचा शब्द कागदावर होता. तोच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या बरोबरीने रोग्यांची सेवा करू लागला. त्याच सेवेत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या.

आता दुसरे मृत्युपत्र. तेही पुण्यातलेच आणि त्याच १८९७ सालातले. वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे पहिल्या दर्जाचे सरदार. मोठी इस्टेट, इनामे, त्यावर कर्जही. लोकमान्य टिळकांशी त्यांचा घरोबा. १८९७ च्या ऑगस्टात बाबामहाराजांना पटकी झाली. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले जाऊन ४ ऑगस्टला नुकते जामिनावर सुटले होते. ७ ऑगस्टला बाबामहाराज वारले. मृत्यूची चाहूल लागल्यावर त्यांनी मृत्युपत्र केले. टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आदी विश्वासातल्या मंडळींना विश्वस्त नेमले. पत्नी सकवारबाई, ज्यांना लोक ताईमहाराज म्हणत, त्या अगदी कोवळ्या वयाच्या आणि गरोदर होत्या. मृत्युपत्रात लिहिले होते, की मुलगा न झाल्यास, किंवा होऊन वारल्यास, ताईमहाराजांनी विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा आणि तो वयात येईपर्यंत विश्वस्तांनी इस्टेट सांभाळावी.

कागद वाचला तर त्यात वावगे काही नाही. हेतू चांगला, विश्वस्त भले, बायकोचाही विचार केलेला. पण पटकीने तडफडणाऱ्या माणसाला किती बारकावा सुचणार? १८९८ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि दोन महिन्यांत गेला. आता दत्तकाचा प्रश्न आला. ‘विश्वस्तांच्या संमतीने’ असे कागद म्हणतो. पण विश्वस्तांचे आणि विधवेचे पटले नाही तर काय, हे कागद सांगत नाही.

आणि नेमके तेच झाले. जून १९०१ मध्ये विश्वस्त ताईमहाराजांना घेऊन निजामाच्या मुलखात औरंगाबादला गेले. तेथे पंडित घराण्याच्याच एका शाखेतला जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला गेला, असे विश्वस्तांचे म्हणणे. पुण्याला परतल्यावर ताईमहाराजांचे मन फिरले. असे दत्तक झालेच नाही, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात येऊ लागले आणि ऑगस्टात त्यांनी कोल्हापूरचे बाळामहाराज यांना दत्तक घेतले. विश्वस्तांचा अधिकार काढून घ्यावा म्हणून त्या कोर्टात गेल्या होत्याच. एका इस्टेटीला दोन दत्तक!

मग जे सुरू झाले ते थांबेना. १९०२ च्या एप्रिलमध्ये पुण्याचे न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी टिळकांच्या विरुद्ध निर्णय दिला आणि त्यांच्यावर खोटी साक्ष, बनावट कागद अशा आरोपांखाली फौजदारी खटला उभा राहिला. १९०३ च्या ऑगस्टात टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरीची शिक्षा झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टाने टिळकांना पूर्ण निर्दोष ठरवले. दिवाणी दावा मात्र चालूच. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टाने जगन्नाथाचे दत्तक खरे धरले. १९१० मध्ये टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना हायकोर्टाने तो निकाल फिरवला. शेवटी मार्च १९१५ मध्ये विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून जगन्नाथाचे दत्तक कायम केले.

हिशेब करा. मृत्युपत्र १८९७ चे, शेवटचा निकाल १९१५ चा. साडेसतरा वर्षे! आपण हा खटला टिळकांच्या चरित्रातला एक प्रसंग म्हणून वाचतो. मित्राला दिलेला शब्द त्यांनी केवढे सोसून पाळला, हे पाहून थक्क होतो, आणि तसे व्हावेच. पण दोन माणसांची आठवण आपण विसरतो. एक ताईमहाराज. ज्या वयात माहेरपण करायचे त्या वयात विधवा झालेली, तान्हे मूल गमावलेली, घरची मालकीण असून प्रत्येक गोष्टीला चार पुरुषांची संमती लागणारी ही बाई १९०३ मध्येच वारली. आपल्या खटल्याचा शेवट तिने पाहिलाच नाही. आणि दुसरा जगन्नाथ. दत्तक गेला तेव्हा तो लहान मुलगा होता. आपण कोणाच्या घरचे, हे कळायला त्याला चौदा वर्षे थांबावे लागले.

ही दोन्ही मृत्युपत्रे शेजारी ठेवून पाहिली की काय दिसते? दोन्हीकडे पोटचा वारस नाही. दोन्हीकडे मागे एकटी राहणारी पत्नी आहे. दोन्हीकडे लिहिणाऱ्याचा हेतू चांगला. फरक आहे तो वेळेचा आणि नेमकेपणाचा. जोतीरावांनी धडधाकट असताना, पुढचे ‘जर’ आणि ‘तर’ मनाशी घोळवून लिहिले. बाबामहाराजांनी तहान लागल्यावर विहीर खणली. एकाने वारसाचे नाव लिहिले; दुसऱ्याला वारस निवडण्याचे काम मागच्यांवर टाकावे लागले आणि मागच्यांची मने जुळली नाहीत. टिळकांसारखा कायद्याचा पदवीधर, ज्याला सबंध देश ओळखतो असा विश्वस्त असून ही गत. मग तुमच्याआमच्या घरच्या अर्धवट कागदाचे काय होईल?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९२५ मध्ये वारसाचा मोठा कायदा झाला, आणि १ जानेवारी १९२७ पासून होणाऱ्या सर्व हिंदू मृत्युपत्रांना, खेड्यातल्यासुद्धा, तोच नियम लागू झाला: लेखी, सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार. तोंडी मृत्युपत्राचे दिवस संपले. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला; पण तो तिच्या हयातीपुरता, विकण्याची पूर्ण मुभा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला पुरी मालकी दिली. त्याच कायद्याने एकत्र कुटुंबातल्या माणसाला आपला अविभक्त हिस्साही मृत्युपत्राने देण्याची परवानगी दिली. मिताक्षरेला जे मान्य नव्हते ते साडेआठशे वर्षांनी झाले! महाराष्ट्राने १९९४ मध्ये लग्न न झालेल्या मुलींना आणि २००५ मध्ये संसदेने सर्वच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ साली बाप जिवंत नसला तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले.

सर्वांना एकच नियम नाही, हेही ध्यानात घ्या. मुसलमान बांधवांच्या शरियतीप्रमाणे कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरते त्याच्या एक तृतीयांशापुरतीच वसियत करता येते. त्याहून अधिक द्यायचे तर वारसांची संमती लागते. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत आलेल्या नागरी कायद्यापासून मुलांचा निम्मा वाटा राखीव धरला जातो. बाप तो कोणाला देऊन टाकू शकत नाही. टागोरांच्या मुलाला जे कोर्टात भांडून मिळवावे लागले, ते गोव्याच्या मुलाला कायदाच राखून ठेवतो.

आता तुम्ही विचाराल, “कायदाच जर बायको-मुलांना हक्क देतो, तर कागदाची यातायात कशाला?” प्रश्न बरोबर आहे. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. आईलाही वाटा असतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. पण ‘सारखा वाटा’ म्हणजे कोणता? विहिरीकडचा की माळाकडचा? राहते घर कोणी ठेवायचे? कर्ज कोणी फेडायचे? कायदा अपूर्णांक सांगतो. विहीर, गोठा आणि घर वाटून देत नाही. तेथे भाऊबंदकी सुरू होते. मग बहिणींना बोलावून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात. काही प्रेमाने देतात. काही माहेर तुटू नये म्हणून देतात. भावाच्या दारी चोळी-बांगडीचा मान राहावा एवढ्यासाठी जमिनीवर पाणी सोडणाऱ्या किती बहिणी आपल्या गावात आहेत, ते तुम्हांलाच ठाऊक. बापाने वेळीच दोन ओळी लिहिल्या असत्या, तर त्या बाईवर ही पाळी आली नसती.

अर्थात, त्याच दोन ओळींनी मुलीला वगळताही येते, हे मी लपवणार नाही. कायद्याने उजव्या हाताने दिले ते मृत्युपत्राच्या डाव्या हाताने काढून घेता येते. प्रसन्नकुमार टागोरांनी तेच करून पाहिले. मात्र मुलीचा जो स्वतःचा जन्मसिद्ध हिस्सा, त्यावर बापाची लेखणी चालत नाही. तो स्वतःच्या वाट्यापुरताच लिहू शकतो. कागद हा विळ्यासारखा आहे. त्याने पीकही कापता येते आणि हातही.

आपल्या खेड्यांत असा कागद लिहायचा झाला की लोक शाळेतल्या गुरुजींकडेच येतात. म्हणून शिक्षकबंधूंना चार गोष्टी सांगून ठेवतो. मृत्युपत्राला मुद्रांकाचा कागद लागत नाही; साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वाद आल्यास आधार होतो. लिहिणारा अठरा वर्षे पुरा आणि शुद्धीवर असला पाहिजे. त्याने सही केलेली दोन साक्षीदारांनी पाहावी, किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याने त्यांना सांगावे, आणि त्यांनी त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. साक्षीदार शक्यतो वयाने लहान घ्यावेत, म्हणजे पुढे सांगायला उरतील. आणि ज्याला त्या कागदातून काही मिळायचे आहे त्याला साक्षीला बसवू नये. गट नंबर, घर नंबर, नावे स्पष्ट लिहावीत. ‘माझे सर्व त्यांनी गोडीने वाटून घ्यावे’ असे लिहू नये. गोडी राहत नाही म्हणूनच तर कागद करायचा! बँकेच्या पुस्तकावर नामनिर्देशन आहे, तेवढ्याने तो माणूस मालक होत नाही. तो पैसे हाती घेणारा, मालकी वारसाची. कूळकायद्याने मिळालेल्या किंवा वतनी, इनामी जमिनीवर वेगळे निर्बंध असतात, तेव्हा तेथे वकिलाला विचारल्याशिवाय लेखणी उचलू नये.

आणखी एक. मृत्युपत्र केले म्हणजे शेत हातचे गेले, अशी पुष्कळ म्हाताऱ्यांना भीती वाटते. तसे नाही. बक्षीसपत्र केले तर मालमत्ता आताच जाते. मृत्युपत्राने डोळे मिटेपर्यंत काहीच जात नाही. मालक तुम्हीच. मन बदलले तर कागद बदला. शेवटचा कागद खरा धरला जातो. म्हातारपणी मुलांच्या दाराशी हात पसरण्याची वेळ येऊ नये, असे ज्यांना वाटते त्यांनी हा फरक नीट लक्षात ठेवावा.

विज्ञानेश्वराच्या काळी कुटुंब हाच मालक होता, म्हणून कागद लागत नव्हता. आज माणूस मालक आहे, आणि माणूस जाणारा आहे. त्याच्या मागे राहणाऱ्यांत एखादी विधवा असते, एखादी परत आलेली मुलगी असते, एखादे मायेने वाढवलेले दुसऱ्याचे पोर असते. पोटच्या कर्त्या मुलाला सातबारा ओळखतो, भाऊबंद ओळखतात. या बाकीच्यांना ओळखणारे कोणी नसते. त्यांच्यासाठी धडधाकटपणी, शांत डोक्याने, नावानिशी लिहून ठेवणे हे जोतीरावांनी १८८७ मध्ये केले. अशुभ त्यात काही नव्हते. तुमच्या घरात असे माणूस कोण आहे, ते आज रात्री जेवताना एकदा पानांवरून नजर फिरवून पाहा. आणि सवड काढून कागद करा.